बुडाचा मासा कुठे सरकतो: कोकणात तळाचं पाणी मोजून ठरवण्याची पद्धत

नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात आणि पहिल्या काही आठवड्यांत आठ-दहा वावांतच (एक वाव म्हणजे सहा फूट खोली) ढोमा, राणी मासा, वाम, पाकट असा बुडाचा, म्हणजे तळाशी राहणारा मासा खच्चून लागतो. तोच ट्रॉलर (तळावरून जाळं ओढणारी होडी) पंचवीस वावांत गेला की खोळ्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, चिखल आणि मूठभर खेकडे येतात. किनाऱ्याजवळची ती रास पाहून मासा वाढल्याचा समज होतो. पुष्कळदा तो वाढलेला नसतो. खोल पाण्यात श्वास घ्यायला जागा उरलेली नसते, म्हणून दूरवर पसरलेला मासा एका अरुंद पट्ट्यात गोळा झालेला असतो.

हा पट्टा कुठे आहे आणि कुठल्या दिशेला सरकतो आहे, हे तळाचं पाणी मोजून बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. त्याचीच ही पद्धत आहे. मच्छीमार सहकारी संस्था, मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी किंवा एखादी होडी स्वतःपुरती ती वापरू शकते.

आधी पाण्याचं वर्ष समजून घ्या

अरबी समुद्रात साधारण १५० मीटरच्या खाली हजारेक मीटरपर्यंत प्राणवायू अगदी कमी असलेल्या पाण्याचा जाड थर बारा महिने असतो. एरवी तो किनाऱ्यापासून लांब, शेल्फच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेखाली राहतो. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी शेल्फच्या उताराने वर चढू लागतं. याची सुरुवात केरळकडे आधी होते, मग कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग असं ते उत्तरेला येतं. उत्तरेला येता येता त्याचा जोर कमी होत जातो. मुंबईसमोरच्या पाण्यातही हा थर उताराने किनाऱ्याकडे चढतो आणि मासेमारीवर त्याचा परिणाम होतो, हे १९५९ सालीच शास्त्रीय नियतकालिकात नोंदलं गेलं आहे. म्हणजे गोष्ट नवी नाही. ती होडीपर्यंत पोहोचली नाही, एवढंच.

कोकणात आणखी एक गोष्ट भर घालते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, कर्ली या नद्या पावसाचं गोडं पाणी समुद्रात आणून ओततात. हलकं असल्यामुळे ते काही मीटर जाडीच्या झाकणासारखं वर तरंगतं. हवेतला प्राणवायू या झाकणाखाली उतरत नाही. वर वाढलेलं सूक्ष्म शेवाळ मरून तळाला बसतं, कुजतं, आणि खाली होता नव्हता तो प्राणवायूही खाऊन टाकतं. म्हणून सर्वांत वाईट परिस्थिती भर पावसात नसते. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीसमोर वर्षानुवर्षं मोजमापं घेतली आहेत. तिथे तीस मीटरच्या आतल्या खोलीतही या दोन महिन्यांत तळाचा प्राणवायू कधीकधी शून्यावर येतो.

नोव्हेंबरपासून प्रवाह उलटतो, उत्तरेकडे वाहू लागतो आणि खालचं पाणी पुन्हा उतारावरून मागे जातं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेचा कोरडा वारा वरचं पाणी गार करतो, ते जड होऊन खाली बसतं आणि तळापर्यंत सगळं ढवळून निघतं. तेव्हा बुडाचा मासा पुन्हा लांबवर पसरतो.

वरून का कळत नाही

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मिळणारा संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला उपग्रहाने टिपलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांवर बेतलेला असतो. बांगडा, तारली, कुपा यांच्यासाठी तो उपयोगी आहे आणि वापरावाच. पण उपग्रहाला दिसते ती पाण्याची कातडी. सप्टेंबरात वर २७-२८ अंशांचं पाणी असताना खाली वीस मीटरवर २२ अंशांचं, गुदमरवणारं पाणी असू शकतं, आणि नकाशावर त्याची खूणही नसते. घोळ, हेकरू, लेपा, राणी मासा यांचं ठिकाण ठरवायचं तर दोर खाली सोडावाच लागतो.

साहित्य

८ मिलिमीटरचा न ताणणारा दोर ७० मीटर. दर ५ मीटरवर रंगीत चिंधी आणि दर १० मीटरवर दोन चिंध्या बांधा. वावांत मोजायचं असेल तर एक वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर, कागदावर मात्र एकच माप ठेवा. दोराच्या टोकाला ३ ते ४ किलो शिशाचं वजन. वजनाच्या बुडाला खळगा असेल तर त्यात साबणाचा किंवा ग्रीसचा गोळा दाबून भरा. तळाची वाळू, चिखल, शिंपल्याचा चुरा त्याला चिकटून वर येतो. काहीच न चिकटता गोळ्यावर ओरखडे उठले तर खाली खडप, म्हणजे खडकाळ तळ आहे.

पाणी आणण्यासाठी दोन्ही तोंडं उघडी राहणारी आणि वरून सोडलेल्या वजनाने बंद होणारी नळीची बाटली हवी. बाजारातली महाग वाटली तर ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा ४० सेंटीमीटर तुकडा, दोन रबरी बुचं आणि त्यांना आतून जोडणारं ताणलेलं रबर यांपासून ती बनते. दीड लिटरच्या आसपास पाणी मावतं. खालच्या बाजूला छोटा नळ आणि त्याला ६ मिलिमीटरची रबरी नळी. बूच लावलेली साधी बाटली खाली नेऊन दोरीने बूच ओढायची जुनी युक्ती इथे चालत नाही. पाणी आत शिरताना बाटलीतली हवा बुडबुडे होऊन त्यातून जाते आणि प्राणवायू आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. नेमक्या याच चुकीमुळे वाईट पाणी चांगलं वाटतं.

तापमानासाठी ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर. परवडत असेल तर तापमान आणि खोली आपोआप नोंदवणारा छोटा लॉगर घ्या आणि तो ट्रॉलच्या वरच्या दोरावर किंवा बुडीच्या जाळ्याला बांधा. वेगळी फेरी न करता प्रत्येक ओढीची (जाळं एकदा टाकून ओढण्याची) नोंद मिळते.

प्राणवायूसाठी दोन वाटा आहेत. लांब केबलचा प्राणवायू मोजणारा मीटर, किंवा विंकलर पद्धतीचा (पाण्यात रसायनं घालून रंगावरून प्राणवायू मोजण्याचा) रसायनसंच. आमचं मत असं की सुरुवात संचाने करावी. त्याचा रंग डोळ्याला दिसतो, आणि खाऱ्या हवेत बिघडायला त्यात काही नसतं.

मोजणी कुठे आणि कधी

किनाऱ्याला काटकोनात एक सरळ रेषा ठरवा: बंदरातून पश्चिमेला. तिच्यावर ६, १०, १५, २०, २५ आणि ३० वावांवर ठिकाणं धरा आणि त्यांचे अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये साठवा. लहान फायबर होडीने २० वावांपर्यंतच जावं. पुढची ठिकाणं ट्रॉलरने मासेमारीला जाताना घ्यावीत. रेषा खाडीच्या तोंडासमोर धरू नका, गोड्या पाण्याच्या झोताने आकडे फिरतात. तोंडापासून चार-पाच किलोमीटर बाजूला जा.

दर पंधरवड्याला एक फेरी, आणि तीही भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना. उधाणाला पाण्याची ओढ जोरात असते, दोर तिरका जातो आणि उथळ भागात तळ ढवळून निघतो. उत्तरेला हा फरक मोठा आहे: मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी चार मीटरच्या वर जाते, मालवणला साधारण त्याच्या निम्मी. अष्टमी ते दशमी हे दिवस चांगले. भरतीची वेळ काढायचा तिथीच्या पाऊणपटीचा जुना हिशेब इथे कामाला येतो. दशमी असेल तर १० गुणिले पाऊण म्हणजे साडेसात, म्हणून मुंबईला साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. दक्षिणेला भरती लवकर होते, म्हणून रत्नागिरी-मालवणसाठी बंदराचा तक्ता बघा. पहिलं ठिकाण पाणी थबकलेलं असताना घ्या.

१ जून ते ३१ जुलै यंत्रहोड्यांना बंदी असते, तेव्हा फेऱ्या बंदीनंतरच सुरू होतात. पहिल्या फेरीआधी हवामान खात्याचा इशारा आणि इन्कॉइसचा लाटांचा अंदाज दोन्ही बघा. लाइफजॅकेट अंगात, वायरलेस चॅनेल १६ वर चालू. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ होडीवर रंगवून ठेवा.

प्रत्यक्ष मोजणी

१. इंजिन मोकळं करून साउंडरवर (ध्वनीने खोली आणि मासा दाखवणाऱ्या यंत्रावर) खोली वाचा आणि लिहा.

२. बाटली दोराला अशी बांधा की शिशाचं वजन तिच्याखाली बरोबर १ मीटर लोंबेल. वजन टेकलं की दोर सैल पडतो, आणि बाटली तळापासून १ मीटर वर असते. बाटलीच चिखलाला लागली तर नमुना फेकून द्या. चिखल स्वतःच प्राणवायू खातो.

३. दोराचा कोन बघा. दोर ४५ अंशांत तिरका असेल तर ४० मीटर सोडूनही बाटली फक्त २८ मीटरवर असते. कोन ३० अंशांपेक्षा जास्त दिसला तर होडी वाऱ्यावर सोडून पुन्हा करा.

४. दोन मिनिटं थांबा, मग वरून बंद करणारं वजन सोडा. दोर हातात धरला की खालचा ठोका बोटांना कळतो.

५. बाटली वर येताच सावलीत घ्या आणि सर्वांत आधी प्राणवायूचा नमुना काढा. रबरी नळीचं टोक ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवून हळू भरा आणि दुप्पट पाणी बाहेर सांडू द्या. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. त्यानंतर लगेच तापमान. उशीर झाला तर बाटली उन्हाने तापते आणि आकडा खोटा निघतो.

६. नमुन्यात पाण्याखाली टोक बुडवून १ मिलिलिटर मँगनस सल्फेट, मग १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड घाला. बूच लावा, आत हवा राहू देऊ नका, आणि वीस-पंचवीस वेळा उलटसुलट करा. साका, म्हणजे तयार होणारा गाळ, खाली बसू द्या.

इथे थांबून रंग बघा. साका गडद तपकिरी असेल तर प्राणवायू भरपूर आहे. फिकट पिवळसर असेल तर कमी. दुधासारखा पांढरा राहिला तर जवळजवळ नाहीच. होडीवर निर्णय घ्यायला हा रंग पुरतो, आणि एकदा पांढरा साका पाहिलेला माणूस तो विसरत नाही.

आकडा हवा असेल तर बाटली अंधारात, बुचाभोवती पाणी ठेवून आणा आणि त्याच दिवशी बंदरावर १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. साका विरघळला की २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने, शेवटी स्टार्च घालून, निळा रंग जाईपर्यंत टायट्रेशन करा. जितके मिलिलिटर लागले, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. आम्ल हलत्या होडीवर उघडू नका. हातमोजे आणि चष्मा बंदरावरही घाला.

मीटर वापरणाऱ्यांनी त्यात क्षारता ३५ भरायला विसरू नये. ती शून्यावर राहिली तर मीटर प्राणवायू सुमारे वीस टक्के जास्त दाखवतो, आणि ३ चा आकडा ३.६ होऊन बसतो.

हीच कृती पृष्ठभागाच्या खाली १ मीटरवर आणि मधल्या खोलीवर करा. सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी तीन पातळ्या.

आकडे कसे वाचायचे

२८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात हवेशी समतोल असताना प्राणवायू लिटरला साधारण ६.३ ते ६.४ मिलिग्रॅम असतो. तळाशी ४ च्या वर असेल तर माशाला अडचण नाही. ३ च्या आसपास चपळ, जास्त श्वास लागणारे मासे सरकू लागतात. २ च्या खाली बहुतेक बुडाचा मासा निघून जातो; जो राहतो तो सुस्त असतो किंवा मरतो. बिळात राहणारे खेकडे आणि किडे तेव्हा बाहेर येऊन चिखलावर पडतात. माशाशिवाय नुसते असे प्राणी खोळ्यात येऊ लागले तर वाईट पाणी येऊन ठेपलं आहे, हे मोजायच्या आधीच समजावं.

समजा जयगडच्या दक्षिणेला सप्टेंबरच्या मध्यावर १० वावांत तळाशी २६.५ अंश आणि ४.५ मिलिग्रॅम मिळाले, १५ वावांत २४ अंश आणि ३, आणि २० वावांत २२ अंश आणि १.२. याचा अर्थ वाईट पाण्याची कड १५ ते २० वावांच्या मध्ये आहे. मासा तिच्या उथळ बाजूला, १० ते १५ वावांत दाटलेला असणार. पुढच्या पंधरवड्यात १५ वावांचा आकडा १.५ झाला तर कड अजून आत आली. तो ४ झाला तर पाणी उतरू लागलं, आणि मासा आठवड्या-दोन आठवड्यांत बाहेर पांगेल. एकाच फेरीवरून दिशा ठरवू नका.

एक फसवणूक इथे नेहमी होते: फक्त तापमानावर विसंबणं. सप्टेंबरात तळाशी २५ अंश म्हणजे खालून चढलेलं, प्राणवायू गमावलेलं पाणी. जानेवारीत रायगड-पालघरसमोर २५-२६ अंश म्हणजे वाऱ्याने गार होऊन वरून खाली गेलेलं, प्राणवायूने भरलेलं पाणी. आकडा तोच, अर्थ उलटा. वर आणि खाली तापमानात अंशभराहून कमी फरक असेल तर पाणी ढवळलेलं आहे. चार-पाच अंशांचा फरक असेल तर प्राणवायू मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

साउंडरवर काय शोधायचं

बहुतेक होड्यांवर ५० आणि २०० किलोहर्ट्झचे साउंडर असतात. ५० चा झोत रुंद असतो. तो ४५ अंशांचा असेल तर ४० मीटर खोलीवर तळाचा ३३ मीटर रुंद तुकडा एका ठिपक्यात मिसळतो, आणि तळाला चिकटलेला मासा तळाच्या रेषेतच गडप होतो. १२ अंशांच्या २०० किलोहर्ट्झच्या झोतात हाच तुकडा साडेआठ मीटरचा असतो. बुडाच्या माशासाठी पन्नास मीटरपर्यंत २०० वापरा आणि तळाजवळचा भाग मोठा करून बघा.

लेपा आणि पाकट तरीही दिसणार नाहीत. ते तळालाच पसरून असतात.

कमी प्राणवायूचं पाणी असताना एक खूण हमखास दिसते: माशांचे ठिपके तळावर न बसता सात-आठ मीटर वर, एका सपाट रेषेत. राणी मासा किंवा ढोमा असा लटकलेला दिसला तर खालचा थर नासलेला आहे. तिथे ट्रॉल बुडाला लावून ओढण्यात डिझेल जातं आणि हाती चिखल येतो.

तळ ओळखायला दुसरा प्रतिध्वनी बघा. पहिल्या रेषेच्या दुप्पट खोलीवर दुसरी ठळक रेषा उमटली तर तळ कठीण. उमटली नाही तर चिखल. आपल्याकडे साधारण पन्नास मीटरपर्यंत चिखल आणि त्यापलीकडे जुन्या शिंपल्यांची वाळू असा क्रम आहे. किनाऱ्याजवळ मालवण परिसरातली खडपं आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचा आंग्रिया बँकचा उंचवटा हे त्याला अपवाद. हेकरू आणि तांबोशी खडपाला धरून राहतात. वाईट पाणी चढलं तरी ते सपाट तळावरून पळत नाहीत, खडपाच्या वरच्या अंगाला येतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात गळाने मासेमारी करणाऱ्यांनी खडपाचा माथा धरावा, पायथा सोडावा.

पट्टा सापडल्यावर

पहिली ओढ तीन तासांची घेऊ नका. अर्ध्या तासाची घ्या आणि खोळा उघडून माशाचं माप बघा. अरुंद पट्ट्यात मोठ्या माशाबरोबर त्या वर्षीची सगळी पिल्लं कोंडलेली असतात. त्यांना पळायला खोल पाण्यात जागा नाही, आणि एका आठवड्यात दहा ट्रॉलर तिथे फिरले तर पुढच्या दोन हंगामांचा मासा संपतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान मापं ठरवली आहेत. तो तक्ता होडीवर लावा. खोळ्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) हवी. तिरकी आस ओढीच्या ताणाने मिटते आणि पिल्लू सुटत नाही, चौकोनी उघडी राहते.

शिंगाळ्याच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. त्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो आणि त्या काळात काही खात नाही. असे नर थव्याने असतात आणि एका ओढीत हजारो सापडतात. खोळ्यात गोटीएवढी पिवळी अंडी विखुरलेली दिसली तर ती जागा जीपीएसमध्ये खूण करून सोडा, आणि वायरलेसवर बाकीच्या होड्यांनाही सांगा. पश्चिम किनाऱ्यावर शिंगाळा का आटला, याचं मोठं कारण त्या अंड्यांत आहे.

नोंदवही

प्रत्येक ओळीत तारीख, तिथी, ठिकाण, खोली, तळाचा प्रकार, वरचं आणि तळाचं तापमान, साक्याचा रंग किंवा आकडा, वारा, आणि त्याच दिवशी तिथे लागलेल्या माशाची जात आणि किलो. रिकामी ओढही लिहा. पट्टा कुठे नाही, हे तीच सांगते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्या बंदरासमोर वाईट पाणी कुठल्या पंधरवड्यात चढतं आणि कधी उतरतं, याचा अंदाज आधी बांधता येतो. शेजारच्या दोन बंदरांनी एकाच तिथीला मोजलं तर दक्षिणेकडून येणारी कड आधी कळते. वेंगुर्ल्याला साका पांढरा झाला की देवगडने तयारीत राहावं.

डिसेंबरात वरचं आणि तळाचं तापमान एक झालं आणि ३० वावांतही साका गडद तपकिरी येऊ लागला की मोजणी महिन्यातून एकदा केली तरी पुरे. मीटरचा प्रोब, नळीची बाटली आणि दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, रबरी बुचं ताणातून मोकळी करून ठेवा, आणि थायोसल्फेटचं द्रावण ओतून द्या. ते जुनं झालं की कमकुवत होतं आणि पुढच्या हंगामात प्राणवायू जास्त दाखवतं.